स्लिप रिंगवर पुन्हा पुन्हा तोच कार्बन झिजतो? आधी न झिजलेले तपासा

लक्षणे

एका स्लिप रिंगवर, म्हणजे रोटरबरोबर फिरणाऱ्या आणि त्याच्या वाइंडिंगला वीज जोडणाऱ्या धातूच्या कड्यावर, सहा, आठ, कधी त्याहून जास्त कार्बन ब्रश समांतर बसलेले असतात. सगळे एकाच दिवशी बसवलेले. तरी त्यांतले दोनच भराभर झिजतात आणि उरलेले जवळजवळ नव्यासारखे राहतात. झिजलेले दोन बदलले की काही आठवडे शांततेत जातात, मग पुन्हा तीच तक्रार, बहुतेकदा त्याच किंवा शेजारच्या होल्डरमध्ये. त्यासोबत यांपैकी काही ना काही दिसतेच:

- एखाद्या ब्रशचा शंट, म्हणजे कार्बनमधून निघणारी तांब्याची वेणी, निळसर-काळपट पडलेला असतो. बोटाने वाकवला तर तारा तुटून हातात येतात. शेजारच्या ब्रशचा शंट मात्र मऊ आणि मूळ रंगाचा.
- स्प्रिंगचा रंग बदललेला, ताण गेलेला.
- एका ब्रशचे तोंड खरबरीत, कडेला जळलेले. दुसऱ्याचे काचेसारखे गुळगुळीत.
- रिंगवर धाग्यासारख्या बारीक रेषा किंवा ब्रशच्या आकाराचे काळे डाग.
- चालू मशीनवर ठरावीक ब्रशखालीच ठिणग्या, आणि होल्डरभोवती नेहमीपेक्षा जास्त काळी भुकटी.

अशा वेळी झिजलेला ब्रश हातात घेऊन ‘कार्बन खराब आला’ असा निष्कर्ष काढला जातो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. झिजलेल्या ब्रशने शेजाऱ्यांनी टाकलेला भार उचललेला असतो. दोष असतो न झिजलेल्यांत: कोणी होल्डरमध्ये अडकलेला, कोणाचा स्क्रू सैल, कोणाची स्प्रिंग मेलेली. झिजलेले तेवढे बदलून जैसे थे चालवले तर नवा ब्रशही त्याच वाटेने जातो.

असे का होते

ब्रश रिंगला पूर्ण तोंडाने टेकलेला दिसतो, पण प्रवाह जातो तो मोजक्या सूक्ष्म ठिपक्यांतून, आणि हे ठिपके सतत जागा बदलत असतात. या स्पर्शाच्या जागी इलेक्ट्रोग्राफाइट (अतिउष्ण भट्टीत ग्राफाइट बनवलेला कार्बन) ब्रशवर साधारण १ व्होल्टचा ड्रॉप, म्हणजे व्होल्टेजची घट, पडतो. या ड्रॉपच्या दोन सवयी लक्षात ठेवल्या की पुढचे सगळे समजते.

पहिली: प्रवाह दुप्पट झाला तरी हा ड्रॉप दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. म्हणजे एखाद्या ब्रशच्या वाटेत सैल स्क्रूमुळे ०.२ व्होल्टचा जादा अडथळा आला, तर त्या ब्रशचा प्रवाह थोडा कमी होऊन भागत नाही, तो खूपच खाली येतो. ५ मिलीओहमचा सांधा ऐकायला किरकोळ वाटतो, पण ८० अँपिअरला तो ०.४ व्होल्ट खातो, आणि इथे सगळा खेळच एका व्होल्टचा आहे.

दुसरी: तापमान वाढले की स्पर्शाचा ड्रॉप कमी होतो. जो ब्रश जास्त प्रवाह घेतो तो तापतो, तापला की त्याची वाट आणखी सोपी होते, मग तो आणखी प्रवाह ओढतो. ही घसरण आपोआप थांबत नाही. शंट जळून तुटला की तो ब्रश बाद होतो आणि पुढच्याची पाळी येते.

आकड्यांत पाहू. एका रिंगवर ८ ब्रश, प्रत्येकाचे तोंड २५ × ३२ मिमी, म्हणजे ८ चौरस सेंमी. एकूण प्रवाह ६४० अँपिअर. वाटणी सारखी असेल तर प्रत्येकी ८० अँपिअर, म्हणजे १० अँपिअर प्रति चौ. सेंमी. इलेक्ट्रोग्राफाइटला ८ ते १२ हा पट्टा मानवतो. आता यांतल्या चौघांनी अंग चोरले आणि फक्त २०-२० अँपिअर घेतले, तर उरलेल्या चौघांवर १४०-१४० येतात, म्हणजे १७.५ प्रति चौ. सेंमी. हे चार जळतात, हे उघड आहे. पण अंग चोरणारे चारही सुखात नसतात. त्यांच्यावर प्रवाहाची घनता २.५ अँपिअर प्रति चौ. सेंमीवर आलेली असते. इतक्या कमी प्रवाहात रिंगवर ऑक्साइड-ग्राफाइटचा थर नीट धरत नाही, घर्षण वाढते, तोंड काचेसारखे होते आणि ब्रश थरथरू लागतो. म्हणून ‘कमी भार म्हणजे ब्रशला आराम’ ही समजूत चुकीची आहे. मशीन कायम अर्ध्याहून कमी भारावर चालत असेल तर काही ब्रश काढून टाकून उरलेल्यांची घनता वाढवणे हा मान्य उपाय आहे, पण तो उत्पादकाला विचारूनच करावा.

हात लावण्याआधी

बंद मशीनवर काम करताना पुरवठा तोडा, लॉक लावा, टॅग लावा, फील्डमधला (डीसी वाहणाऱ्या चुंबकीय वाइंडिंगमधला) साठा डिस्चार्ज करून रिंग अर्थ करा. वाउंड रोटर मोटरच्या (जिच्या रोटरच्या वाइंडिंगची टोके रिंगांवर येतात) बाबतीत एक गोष्ट जीवावर बेतू शकते: रोटर थांबलेला आणि स्टेटरला पुरवठा चालू असेल, तर रिंगांवर रोटरचा पूर्ण व्होल्टेज असतो, तोही शेकडो व्होल्टमध्ये. फिरत नाही म्हणजे मृत आहे, असे कधीही धरू नका.

चालू मशीनवरची मोजणी फक्त प्रशिक्षित माणसाने करावी. पायाखाली रबरी मॅट, हातात इन्सुलेटेड ग्लव्ह्ज, अंगठी-घड्याळ काढलेले, बाह्या बांधलेल्या. फील्ड सर्किट सहसा अर्थपासून तरंगते असते. त्यात आधीच कुठे एक अर्थ फॉल्ट असेल, तर ब्रशला लागलेला हात हा दुसरा फॉल्ट ठरतो. फील्ड अर्थ फॉल्टचा अलार्म आलेला असताना ब्रश गिअरजवळ जाऊच नका. आणि चालू मशीनवर एका रिंगचे सगळे ब्रश एकाच वेळी कधीही उचलू नका: वाइंडिंगच्या इंडक्टन्समुळे तिथे भयंकर व्होल्टेज आणि आर्क तयार होतो.

तपासणी १: लांब्या मोजा आणि नकाशा काढा

खर्च शून्य, आणि निम्मे उत्तर इथेच मिळते. प्रत्येक होल्डरला नंबर द्या, रंगाने लिहा. ब्रश काढून व्हर्निअरने लांबी मोजा आणि ज्या होल्डरमधून काढला त्याच होल्डरमध्ये, त्याच दिशेने परत घाला. दिशा उलटली तर बसलेले तोंड वाया जाते. मागच्या नोंदीशी वजाबाकी करून दर १००० तासांना किती मिमी झीज झाली ते काढा. नोंदच नसेल तर आज सुरू करा.

आता आकड्यांकडे न पाहता त्यांच्या जागेकडे पाहा.

झीज एकाच आर्मवरच्या (होल्डरांची ओळ धरणाऱ्या दांड्यावरच्या) सगळ्या ब्रशना जास्त असेल तर बाकीच्या आर्मचा बसबारशी (सामाईक वीजवाहक पट्टीशी) असलेला सांधा संशयित. ब्रशपाशी काही शोधत बसू नका, थेट त्या बोल्टांकडे जा. केबल बसबारला एका टोकाला जोडलेली असेल आणि झीज त्या टोकाकडून दूर जाताना क्रमाने कमी होत असेल, तरी सांध्यांचीच गोष्ट आहे.

झीज रिंगच्या रुंदीत एकाच पट्ट्यात बसणाऱ्या ब्रशना जास्त असेल तर दोष रिंगच्या त्या पट्ट्यात आहे: खरवड, खोबण किंवा वर येणारे तेल.

झीज कुठेही, विखुरलेली असेल तर एकेका ब्रशचा प्रश्न आहे: दाब, अडकणे, शंट. हा प्रकार सर्वांत जास्त आढळतो.

एका रिंगचे सगळे ब्रश दुसऱ्या रिंगपेक्षा जास्त झिजत असतील तर घाबरू नका. डीसी वाहणाऱ्या रिंगांवर धन आणि ऋण बाजूची झीज वेगळी असतेच. तिचा उपाय पुढे आहे.

रिंगचा रंगही नोंदवा. एकसारखा तपकिरी, चॉकलेटी किंवा करडा थर हे चांगल्या प्रकृतीचे लक्षण आहे. ऑक्साइड, ग्राफाइट आणि हवेतली आर्द्रता यांतून तयार झालेला हा थरच ब्रशला वंगण पुरवतो. दर शटडाउनला रिंग घासून लख्ख करण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. ती मोडा. लख्ख धातूवर ब्रश सर्वांत वेगाने झिजतो.

तपासणी २: सगळे ब्रश एकाच ग्रेडचे आहेत का

ब्रशवर कोरलेला किंवा छापलेला ग्रेड वाचा. एका रिंगवर दोन ग्रेड किंवा दोन उत्पादकांचे ब्रश मिसळले असतील तर पुढच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही. मेटल ग्राफाइट ब्रशचा ड्रॉप इलेक्ट्रोग्राफाइटच्या निम्म्याहूनही कमी असतो. तो एक जरी रांगेत घुसला तरी सगळा प्रवाह त्याच्याकडे धावतो. ‘मापात बसला म्हणून घातला’ हे या दोषाचे फार जुने मूळ आहे.

मशीन बंद असेल तर त्या रिंगचा पूर्ण सेट एका ग्रेडचा बसवा. मोठ्या जनरेटरवर चालू स्थितीत ब्रश बदलावे लागतात, तिथे ग्रेड तोच ठेवून एका वेळी थोडेच बदला. आधीचे नीट बसेपर्यंत पुढचे बदलू नका, कारण न बसलेला ब्रश आपला वाटा उचलत नाही.

तपासणी ३: कोण किती प्रवाह घेतोय

ही तपासणी मशीन चालू असताना, भारावर करायची: प्रत्येक शंटचा प्रवाह मोजा. क्लॅम्प मीटर डीसी मोजणारा हवा. साधा एसी क्लॅम्प फील्डच्या डीसीवर काहीच दाखवत नाही. वाउंड रोटर मोटरवरही तो फसवतो, कारण पूर्ण वेगात रोटरची फ्रीक्वेन्सी एक-दोन हर्ट्झच असते. तिथे डीसी मोडवर काटा हेलकावे खाईल, त्याचे कमाल वाचन घ्या आणि ब्रशांची आपसात तुलना करा.

क्लॅम्पचा जबडा शंटभोवती जात नसेल तर दुसरी वाट: प्रत्येक शंटवर सारख्या अंतरावर इन्सुलेटेड प्रोबची दोन टोके टेकवून मिलीव्होल्ट वाचा. शंट एकाच जाडीचे आणि लांबीचे असतील तर मिलीव्होल्टचे गुणोत्तर हेच प्रवाहाचे गुणोत्तर. अँपिअर कळले नाहीत तरी चालतात, इथे हवी असते ती तुलना.

एकाच भारावर, काही मिनिटांच्या अंतराने तीन वेळा वाचा. ठिपके जागा बदलत असल्यामुळे ब्रशांचा प्रवाह थोडा इकडे-तिकडे होतच असतो. सरासरीपासून चतुर्थांशाने कमी-जास्त असेल तर सोडून द्या. तिन्ही वेळा तोच ब्रश सरासरीच्या दीडपट किंवा निम्म्याहून कमी दाखवत असेल तर नंबर लिहून ठेवा. शून्याजवळ वाचन देणारा ब्रश पुढच्या तपासणीत सर्वांत आधी उघडायचा.

इन्फ्रारेड गनने तापमान पाहायचे तर नेम रिंगवर धरू नका. चकचकीत धातू गनला खोटे, कमी तापमान सांगतो. नेम कार्बनच्या अंगावर धरा, आणि इथेही आकड्यापेक्षा ब्रशा-ब्रशांतला फरक पाहा.

तपासणी ४: शंट आणि त्याचा स्क्रू

स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा एवढीच साधने. वारंवार येणाऱ्या तक्रारींचा मोठा हिस्सा या एका जागी सुटतो, म्हणून इथे घाई करू नका.

स्क्रू घट्ट आहे का हे नुसते पाहून कळत नाही. सोडा, लग आणि होल्डरची बसण्याची जागा धातू दिसेपर्यंत साफ करा, पुन्हा आवळा. वॉशरचा क्रम पाहा: लग थेट होल्डरच्या धातूला टेकलेला हवा, त्याच्यावर सपाट वॉशर, त्याच्यावर स्प्रिंग वॉशर, मग स्क्रू. पुष्कळदा स्टीलचा वॉशर लग आणि होल्डर यांच्या मध्ये घातलेला सापडतो. तो दिसायला व्यवस्थित, हाताला घट्ट, आणि प्रवाहाच्या वाटेत धोंडा.

दुसरे टोक कार्बनमध्ये रुतलेले असते. ब्रश एका हातात धरून शंट हलकेच फिरवा. मुळाशी हालचाल जाणवली किंवा तिथून भुकटी पडली तर ब्रश बाद. शंका असेल तर बाकावर १० अँपिअर डीसी सोडून कार्बनचे अंग आणि लग यांच्यातला मिलीव्होल्ट ड्रॉप मोजा. एका सेटचे सगळे ब्रश जवळपास सारखे यायला हवेत. एखादा इतरांच्या दुपटीवर गेला तर तो नवा असला तरी बसवू नका.

शंटची वाट बंद झाली की प्रवाह स्प्रिंगमधून किंवा होल्डरच्या भिंतीतून जायला लागतो. स्प्रिंग निळी पडली असेल तर तिचा अर्थ हाच. अशी स्प्रिंग थंड झाल्यावर ठीक वाटते, पण तिचे पाणी उतरलेले असते. बदला. काही होल्डरमध्ये स्प्रिंगच्या बोटाला इन्सुलेशनचे टोपण असते. ते हरवले असेल तर परत बसवा. शोभेचा भाग समजून ते फेकले जाते, पण स्प्रिंगमधला प्रवाह तेच अडवते.

तपासणी ५: ब्रश होल्डरमध्ये मोकळा सरकतो का

स्प्रिंग उचला आणि ब्रश दोन बोटांनी वर-खाली करा. तो स्वतःच्या वजनाने सरकायला हवा. अडखळत असेल तर थोडा झिजल्यावर तो खाली येत नाही, स्पर्श सुटतो आणि त्याचा वाटा शेजारी उचलतो.

अडकण्याची कारणे सहसा तीन. भुकटी आणि तेल यांची पेस्ट. होल्डरच्या आतल्या भिंतीवर आर्कने आलेली बारीक चिकटण (वितळून चिकटलेले धातूचे कण). आणि ताठ शंट, जो ब्रशला एका बाजूला ओढून धरतो. पहिल्या दोन्हींसाठी होल्डर साफ करा आणि चिकटण बारीक कानशीने काढा. कार्बन घासून बारीक करणे हा उपाय नव्हे, त्याने पुढे ब्रश होल्डरमध्ये डगडगतो. ब्रश आणि होल्डर यांच्यातली मोकळीक फीलर गेजने ०.१ ते ०.३ मिमीच्या आसपास यावी. होल्डर झिजून तोंडाशी रुंद झाला असेल तर बदलण्याला पर्याय नाही.

होल्डरची खालची कड आणि रिंग यांच्यातले अंतर २ ते २.५ मिमी ठेवा. तेवढ्या जाडीची फायबरची पट्टी रिंगवर ठेवून होल्डर त्यावर टेकवा आणि आवळा. धातूची पट्टी नको, रिंगवर ओरखडा पडतो. अंतर जास्त असेल तर ब्रश तिरका होऊन कडेवर चालतो आणि थरथरतो.

साफसफाई व्हॅक्यूमने करा. कॉम्प्रेस्ड एअरने भुकटी दिसेनाशी होते, पण ती गेलेली असते थेट वाइंडिंगमध्ये, आणि ती वीजवाहक आहे. तोंडावर मास्क हवाच. सॉल्व्हंट कार्बनला लावू नका, तो शोषून घेतो. तेलात भिजलेला ब्रश धुऊन परत वापरता येत नाही.

तपासणी ६: स्प्रिंगचा दाब मोजा

डोळ्यांनी किंवा बोटाने दाब कळत नाही. स्प्रिंग बॅलन्स लागतो. ब्रश आणि रिंग यांच्यामध्ये कागदाची पट्टी सरकवा, बॅलन्सचा हुक स्प्रिंगच्या बोटाला लावून ब्रशच्या अक्षाच्या दिशेने सरळ ओढा. पट्टी हलक्या हाताने सुटून येईल त्या क्षणी जे वाचन येते तो दाब.

जागेवर कायम बसवलेल्या मशीनच्या रिंगवर इलेक्ट्रोग्राफाइटसाठी साधारण १८० ते २५० ग्रॅम प्रति चौ. सेंमी हा पट्टा असतो. वरच्या उदाहरणातल्या ८ चौ. सेंमीच्या ब्रशला २०० ग्रॅमच्या हिशेबाने १.६ किलो. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा. पण नेमक्या आकड्याहूनही महत्त्वाचे हे की एका रिंगवरच्या सगळ्या स्प्रिंग एकमेकींच्या १० टक्क्यांच्या आत असाव्यात. सातांवर १.६ आणि एकावर १.० किलो, यापेक्षा सगळ्यांवर १.५ बरे.

झीज जास्त दिसली की दाब कमी करण्याचा मोह होतो. तो आवरा. दाब फार वाढला तर घासून झीज होते हे खरे, पण दाब कमी झाला की ब्रश सूक्ष्म उड्या मारतो, प्रत्येक उडीला आर्क होतो, आणि विजेने होणारी झीज घासण्यापेक्षा कितीतरी वेगवान असते. दाब आणि झीज यांचा आलेख खोलगट भांड्यासारखा आहे, दोन्ही कडांना चढ. आपल्याला तळाशी राहायचे आहे.

जुन्या प्रकारच्या स्प्रिंगमध्ये ब्रश लांबीने कमी होत गेला की दाब उतरतो, म्हणून खाच बदलून तो पुन्हा वाढवावा लागतो. स्थिर दाबाच्या गुंडाळी स्प्रिंगला ही गरज नसते.

तपासणी ७: तोंड नीट बसवले आहे का

नवा ब्रश सपाट तोंडाने गोल रिंगवर टेकला तर एका रेषेवरच टेकतो. रिंगवर काचपेपर गुंडाळा, खरबरीत बाजू ब्रशकडे, आणि पेपर फक्त फिरण्याच्या दिशेने ओढा. मागे नेताना ब्रश उचला. पेपर रिंगच्या वळणाला चिकटून राहायला हवा, सैल धरला तर ब्रशच्या कडा गोल होतात. ८० नंबरने सुरू करून १२० किंवा त्याहून बारीकवर संपवा. एमरी पेपर वापरू नका: त्याचे कण कठीण असतात, कार्बनमध्ये रुततात आणि मग ब्रशच रिंगला कानशीसारखा घासतो.

तोंडाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग टेकल्याच्या खुणा दिसल्या की व्हॅक्यूम करा आणि काही तास कमी भारावर चालवा. पूर्ण भारावर थेट नेले तर जे दोन ब्रश आधी बसतील तेच भाजतील.

तपासणी ८: हवेत काय आहे

वरचे सगळे व्यवस्थित असूनही झीज सुरूच असेल, आणि ती एक-दोघांची नव्हे तर सगळ्यांची असेल, तर हवेकडे वळा.

ग्राफाइटला वंगणासाठी पाण्याची वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनरेटरचे ब्रश झपाट्याने भुकटी होऊन संपत, आणि त्याचे कारण विरळ हवेतला कोरडेपणा हेच निघाले. जमिनीवरही हे घडते. एका घनमीटर हवेत ८ ते १५ ग्रॅम पाणी असेल तर ब्रश खूश असतात. ३ ग्रॅमच्या खाली गेले की भुकटी पडायला लागते. अंदाजासाठी: ३० अंश सेल्सियस आणि ४० टक्के सापेक्ष आर्द्रता म्हणजे सुमारे १२ ग्रॅम. नुसता आर्द्रतेचा टक्का पाहू नका, सोबत तापमान घ्या.

सिलिकोनची वाफ हा याहून वाईट शत्रू आहे. बंद मशीनच्या दारावर, खिडकीवर, केबलच्या तोंडाशी कोणी सिलिकोन सीलंट लावले असेल तर त्याची वाफ ब्रशखालच्या आर्कमध्ये सिलिका बनते, म्हणजे वाळूच. अगदी थोडे सिलिकोनही ब्रशचा फडशा पाडते. अलीकडे कोणते पॅकिंग बदलले, कोणता स्प्रे वापरला, हे विचारा. बेअरिंगच्या सीलमधून येणारी तेलाची वाफ, जवळचे रंगकाम आणि आम्ल-क्लोरीनची वाफ यांचाही शोध याच वेळी घ्या. एअर फिल्टर तुंबला असेल तर रिंग तापते. रिंगचे तापमान ६० ते ९० अंशांत राहिले तर थर चांगला धरतो.

तपासणी ९: रिंग गोल आहे का

ब्रश उचला, डायल गेज रिंगवर लावा आणि रोटर हाताने सावकाश फिरवा. गेजचा पाय रुंद घ्या, टोकदार पाय रिंगवरच्या खोबणीत अडकतो. वेगवान मशीनवर एकूण ०.०५ मिमी, संथ मशीनवर ०.०८ ते ०.१ मिमीपर्यंत चालून जाते. पण एकूण आकड्यावर समाधान मानू नका. पूर्ण फेरीत हळूहळू येणारा चढ-उतार ब्रश सहज पेलतो. तेवढाच किंवा त्याहून कमी फरक ब्रशच्या रुंदीएवढ्या जागेत अचानक आला तर ब्रश दर फेरीला उडतो, १५०० आरपीएमला सेकंदाला २५ वेळा. कुठल्या कोनावर काटा उडी मारतो ते खडूने लिहा. ब्रशच्या आकाराचे डाग त्याच जागी असतील तर ते सपाट चट्टे आहेत. मशीन दमट जागी बरेच दिवस बंद राहिले आणि ब्रश रिंगवर टेकलेले राहिले की त्यांच्याखाली रासायनिक क्रिया होऊन असे चट्टे पडतात. लांब शटडाउनला ब्रश उचलून ठेवा किंवा मध्ये इन्सुलेटिंग कागद घाला.

वेगवान रिंगवर मळसूत्रासारखी गेलेली खोबण असते. ४०० मिमी व्यासाची रिंग ३००० आरपीएमला फिरते तेव्हा पृष्ठभागाचा वेग सेकंदाला सुमारे ६३ मीटर होतो. एवढ्या वेगात ब्रशखाली हवा ओढली जाते आणि तिची गादी ब्रशला उचलू लागते. खोबण त्या हवेला वाट देते. रिंग झिजून खोबण उथळ झाली किंवा भुकटीने भरली की ब्रश तरंगतो, प्रवाह शेजाऱ्याकडे जातो, आणि बाकी सगळे ठीक असल्याने कारण सापडत नाही. खोबणीची खोली रेखाचित्राशी ताडून पाहा. तिच्या कडा धारदार असतील तर त्या कार्बन खरवडतात, त्यांना चॅम्फर (कड तिरपी मारणे) लागतो.

दोन रिंगांच्या झिजेतला ध्रुवतेचा फरक भरून काढण्यासाठी ठरावीक काळाने फील्डच्या केबल आपसात बदलतात. ही अदलाबदल मीटर आणि रिले यांचा विचार करून, उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच करावी.

रिंगऐवजी कम्युटेटर (तांब्याच्या सुट्या सेगमेंटचे कडे) असेल तर वरच्या सगळ्या तपासण्या लागू आहेत, शिवाय दोन सोप्या गोष्टी: सेगमेंटांमधला इन्सुलेटिंग मायका त्यांच्या पृष्ठभागाच्या खाली आहे ना, आणि ब्रशच्या ओळी धन-ऋण जोडीने सरकवून बसवल्या आहेत ना. आर्ममधले अंतर पाहायला कम्युटेटरभोवती कागदाची पट्टी गुंडाळून ब्रशच्या कडा खुणा करा आणि खुणांमधली अंतरे मोजा. न्यूट्रल (ब्रशांची कमीत कमी ठिणग्यांची ठरवलेली जागा) हलवण्याच्या भानगडीत पडू नका.

इथे थांबा, तज्ज्ञाला बोलवा

यांपैकी काहीही दिसले तर पुढे स्वतः काही करू नये:

- फील्ड अर्थ फॉल्टचा अलार्म, किंवा साफसफाई करूनही मेगरचे (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरचे) वाचन वर न येणे. मेगर करण्याआधी एक्सायटेशनची (फील्डला डीसी पुरवणारी) इलेक्ट्रॉनिक्स वेगळी करायची असते, तिची खात्री नसेल तर मेगरही करू नका.
- ठिणग्या रिंगभर पसरणे किंवा एका रिंगवरून दुसरीकडे झेपावणे. इथे मोजणी वगैरे विसरून भार उतरवा आणि मशीन थांबवा.
- रन-आउट (डायल गेजवर दिसणारा रिंगचा चढ-उतार) मर्यादेबाहेर, सपाट चट्टे, खोबण उथळ, किंवा कम्युटेटरचा एखादा सेगमेंट वर आलेला. रिंग कानशीने किंवा हातातल्या दगडाने गोल होत नाही, दगड तिच्या आकाराच्या मागेच फिरतो. तिला जागेवर टर्निंग किंवा ग्राइंडिंग लागते, आणि त्याआधी कमीत कमी चालणारा व्यास तपासावा लागतो.
- रिंग शाफ्टवर सैल, तिच्याखालचे इन्सुलेशन तडकलेले किंवा काळे.
- डायल गेजवर रिंग ठीक पण चालताना ब्रश नाचतात. दोष बेअरिंग किंवा शाफ्टच्या कंपनात आहे.
- पहिल्या आठही तपासण्या होऊन, पूर्ण सेट बदलून, तोच होल्डर पुन्हा जळला.

तज्ज्ञाला बोलावताना त्याच्या हातात द्यायचे ते असे: होल्डरच्या नंबरांसह लांब्यांची नोंद, ज्या भारावर घेतले तो भार लिहून प्रवाहाची तिन्ही वाचने, प्रत्येक स्प्रिंगचा दाब, ब्रशचा ग्रेड, रिंगचा दिवसाउजेडी काढलेला फोटो, आणि काढलेले ब्रश. झिजलेले दोन आणि न झिजलेले दोन, असे चारही, तोंड न पुसता, होल्डरचा नंबर लिहिलेल्या पिशवीत.

दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने, त्याच भारावर, प्रवाहाची मोजणी पुन्हा करा. अंग चोरणारा ब्रश लांबीत दिसायला महिना लागतो, क्लॅम्प मीटरवर तो त्याच दिवशी दिसतो.